ऑलिम्पियाडच्या मुलांसाठी दार उघडा, पण गुणांची खिरापत वाटू नका

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, पुणे;
तसेच मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष (सीईटी सेल), महाराष्ट्र

स. न. वि. वि.

दरवर्षी जानेवारीत देशभरातली काहीशे मुलं एका रविवारी साडेचार तास बसून फक्त सहा गणितं सोडवतात. त्यांच्यात पुण्याची मुलं असतातच. ही परीक्षा म्हणजे इंडियन नॅशनल मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड, मुलांच्या भाषेत आयएनएमओ. त्यानंतर बारावीची बोर्डाची परीक्षा, मग सीईटी, आणि निकाल लागले की कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा अर्ज. त्या अर्जात जात, उत्पन्न, अधिवास, अल्पसंख्याक दर्जा, संरक्षण दलातल्या कर्मचाऱ्याचं पाल्य असल्याचा दाखला या सगळ्यासाठी रकाने आहेत, आणि ते असायलाच हवेत. आयएनएमओ लिहायला मात्र रकाना नाही.

तो एक रकाना आणि त्यामागे अगदी मोजक्या जागा मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. त्याच्याइतक्याच तळमळीने आणखी एक विनंती आहे. या परीक्षेच्या निकालाला त्यापलीकडे काहीही देऊ नका. बारावीच्या टक्क्यांत भर नको, गुणवत्ता यादीत वाढीव गुण नकोत. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात असं वरवर वाटेल. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि सुटीच्या दिवशी शाळकरी मुलांबरोबर अवघड गणितं घेऊन बसते. दोन्ही बाजू रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून दोन्ही मागण्या एका पत्रात आहेत.

आधी परीक्षेबद्दल, कारण प्रवेश समितीवरच्या अनेकांनाही तिची नीट ओळख नसते. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पात्रता परीक्षा. साधारण सप्टेंबरमध्ये होते, तीन तास, 30 प्रश्न, उत्तरं पूर्णांकात. त्यातून निवडलेली मुलं विभागीय पातळीवर आरएमओला, म्हणजे रिजनल मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडला बसतात. तिथे तीन तासांत सहा प्रश्न असतात आणि उत्तर नुसतं देऊन चालत नाही, सिद्धता लिहावी लागते. मग जानेवारीतली आयएनएमओ, त्यातून काही डझन मुलांचं प्रशिक्षण शिबिर, आणि शेवटी देशाचा सहा जणांचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातो. सगळा कारभार मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली चालतो, पाठीशी अणुऊर्जा विभागाचं राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ आहे. भारत 1989 पासून या स्पर्धेत उतरतो. 2024 साली इंग्लंडमधल्या बाथ इथे आपला संघ चौथा आला, चार सुवर्णपदकं मिळाली, आणि त्यातलं एक पुण्याच्या मुलाचं होतं.

आता आपली सीईटी पाहा. गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट 48 सेकंद. आयएनएमओत एका प्रश्नाला 45 मिनिटं. सीईटीला मी नावं ठेवत नाही. लाखो मुलांना एका मापाने मोजायचं तर असंच काहीतरी करावं लागतं. पण एक मिनिट 48 सेकंदांत जे दिसतं ते, आणि पाऊण तासात जे दिसतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली प्रवेशप्रक्रिया त्यातली एकच बघते.

दुसरी गोष्ट कशी असते ते एका गणितावरून सांगते. 1 ते 20 या संख्यांमधून कुठल्याही 11 निवडा. त्यांत अशा दोन संख्या सापडतीलच की एकीने दुसरीला नि:शेष भाग जातो. का? हडपसरहून पीएमटीने येणाऱ्या मराठी माध्यमाच्या एका नववीतल्या मुलीला मी हे दिलं होतं. तिने सुरुवात केली ती मला खोटं पाडण्यापासून. वहीच्या मागच्या पानावर तिने 11 ते 20 लिहून काढल्या आणि म्हणाली, "बाई, या दहांत कुणाचाच कुणाला भाग जात नाही. आता अकरावी शोधते." अकरावी काही केल्या बसेना. मग तिने 16 खोडून 8 घातले. चालतंय. 14 खोडून 7 घातले. तेही चालतंय. 18 च्या जागी 9. पण दरवेळी एक आत आली की एक बाहेर जायची, आणि संख्या दहाच्या दहाच.

बराच वेळ ती गप्प बसून होती. मीही काही बोलले नाही. मग तिने नवीन पान काढलं आणि उभे रकाने पाडले. पहिल्यात 1, 2, 4, 8, 16. दुसऱ्यात 3, 6, 12. तिसऱ्यात 5, 10, 20. मग 7, 14. मग 9, 18. उरलेल्या 11, 13, 15, 17, 19 या पाच जणी आपापल्या रकान्यात एकट्या. रकाने मोजले, दहा भरले. एका रकान्यातल्या कुठल्याही दोन घ्या, लहानीने मोठीला भाग जातोच, कारण प्रत्येक रकान्यात आधीच्या संख्येची दुप्पट करत खाली आलो आहोत. संख्या अकरा, रकाने दहा, म्हणजे एका तरी रकान्यात दोघी येणारच. तिने हे मला तीन वाक्यांत सांगितलं आणि मी शाबासकी द्यायच्या आत विचारलं, "मग 1 ते 100 असतील तर 51 घ्यायच्या ना?"

त्या प्रश्नासाठी मी हे सगळं सांगितलं. ती खोडून खोडून एका जागी अडली, अडण्याचं कारण तिने पाहिलं, त्या कारणातूनच उत्तर काढलं आणि लगेच पुढचा प्रश्न स्वतः विचारला. संशोधन करणारा माणूस आयुष्यभर हेच करतो. हीच मुलगी पुढे आयएनएमओपर्यंत पोचली. बारावीनंतर कॅपचा अर्ज भरताना तिचा फोन आला, "बाई, हे कुठे भरायचं?" मी सांगितलं, कुठेच नाही. सीईटीत तिचे पर्सेंटाइल चांगले होते, पण संगणक शाखेला पुण्यात जे लागतात तेवढे नव्हते. ती आज महाराष्ट्राबाहेर शिकते आहे आणि छान शिकते आहे. तिचं काहीच बिघडलं नाही. नुकसान झालं ते पुण्याचं.

बाहेरच्यांनी काय केलं आहे, तेही पाहू. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.साठी आयएनएमओत पुरस्कार मिळवणाऱ्यांना लेखी परीक्षेतून सूट देऊन थेट मुलाखतीला बोलवायची पद्धत ठेवली आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने राष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये चमकलेल्या मुलांसाठी लेखी प्रवेश परीक्षेशिवाय येण्याची वाट मोकळी ठेवली आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत ऑलिम्पियाडचा स्वतंत्र मार्ग आहे. आयआयटींनी फार वर्षं जेईईशिवाय दुसऱ्या कशाकडे पाहिलं नव्हतं. पण गांधीनगर आणि कानपूरने ऑलिम्पियाडच्या मुलांना वाट करून दिली, आणि 2025-26 पासून आयआयटी मद्रासने अशा मुलांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर प्रवेशक्षमतेच्या वरच्या जागा ठेवल्या: प्रत्येक अभ्यासक्रमात दोन, त्यातली एक मुलींसाठी. 2016 साली मुंबईच्या एका मुलीची बातमी आपण वाचली असेल. प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधली तीन पदकं तिच्याकडे होती, पण घरी शिकल्यामुळे बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. तिला आयआयटीचं दार बंद होतं. अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. त्या बातमीनंतर व्यवस्था हलायला बरीच वर्षं गेली, पण हलली.

एमआयटीचा विषय निघाला आहे तर तेही स्पष्ट करते, कारण कोथरूड-बाणेरच्या पालकांत याबद्दल बरेच गैरसमज आहेत. एमआयटीच्या अर्जात अमेरिकेतल्या एएमसी आणि एआयएमई या शाळकरी गणित स्पर्धांचे गुण लिहायला जागा असते, हे खरं. पण ते लिहिले म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. शिक्षकांची पत्रं, मुलाने स्वतः काय केलं, कुठल्या परिस्थितीतून केलं, हे सगळं वाचून ते ठरवतात. तरीही निकालाला वजन आहे एवढं कळल्याबरोबर तिथे या स्पर्धांच्या शिकवण्या फोफावल्या, आणि अलीकडे प्रश्न परीक्षेआधीच फुटल्याच्या तक्रारीही आल्या. पदकावर प्रवेशाचा भाव लागला की काय होतं, हे तिथेही दिसतं.

म्हणून मी माझ्या दुसऱ्या मागणीकडे येते. मला तिचीच जास्त काळजी आहे.

पहिली मागणी मान्य व्हायची वेळ आली तर कुणीतरी सोपा मार्ग सुचवेल, की आयओक्यूएम पास झालेल्याला पाच गुण द्या, आरएमओला दहा, आयएनएमओला पंधरा. आपल्या राज्याला ही सवय आहे. दहावीला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर 7 गुण, बी श्रेणीला 5, सी श्रेणीला 3. खेळाडूंना क्रीडागुण आहेत, शास्त्रीय कला आणि लोककलांनाही गुण आहेत. कलेला आणि खेळाला शाळेत मान मिळावा हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे क्लास कसे भरले, आणि त्यातली किती मुलं गुण मिळाल्यावर पुन्हा ब्रश हातात धरतात, हे आपल्या शाळांतल्या कलाशिक्षकांना विचारा. मी विचारलं आहे. उत्तर देताना त्यांचा आवाज बदलतो.

गणिताला हे होऊ देऊ नका. आज आयओक्यूएमला बसणाऱ्या मुलांत निदान काही जण तरी असे आहेत की त्यांना ते गणित आवडतं म्हणून ते येतात. बारावीच्या यादीत पाच गुण वाढणार असं कळलं की पुढच्या जूनमध्ये प्रत्येक इंटिग्रेटेड कॉलेजच्या माहितीपत्रकावर ऑलिम्पियाड बॅच छापलेली असेल. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी 'ऑलिम्पियाड फाउंडेशन'च्या जाहिराती तर आत्ताच दिसतात. तीन वर्षं प्रश्नांचे प्रकार घोटून घेतले तर आयओक्यूएमचे काही गुण हमखास वाढतील. पण त्या रकान्यांपाशी गप्प बसून राहायला वेळ लागतो, तो वेळ त्या बॅचच्या वेळापत्रकात नसेल.

हे मी भीतीपोटी लिहीत नाही, हे झालेलं आहे. चीनमध्ये ऑलिम्पियाडच्या बक्षिसांना विद्यापीठ प्रवेशात वाढीव गुण मिळत. त्याने मुलांच्या शिकवण्यांचा एवढा बाजार माजला की तिथल्या शिक्षण मंत्रालयाने 2015 पासून हे वाढीव गुण रद्द केले. राष्ट्रीय प्रशिक्षण चमूत निवडलेल्या मोजक्या मुलांसाठी थेट प्रवेश मात्र ठेवला. म्हणजे सरसकट गुण काढून घेतले आणि छोटं दार उघडं ठेवलं. इतक्या मोठ्या देशाने आधी उलट करून, पोळून घेऊन मग हे केलं. आपल्याला पोळून घ्यायची गरज नाही.

आणि पुण्याला तर याहून जुनं उदाहरण घरचं आहे. या शहरात 'रँग्लर' ही पदवी नावाआधी लागायची. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले आले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच फर्ग्युसनमध्ये टिळकांनी गणित शिकवलं, त्यांच्यानंतर धोंडो केशव कर्व्यांनी शिकवलं. रँग्लर परांजप्यांचं नाव आजही आपण अभिमानाने घेतो, घ्यावंच. पण ज्या यादीत ते पहिले आले, ती गुणानुक्रमाची यादी केंब्रिजने 1909 नंतर बंद केली. परीक्षा चालू राहिली, फक्त पहिला-दुसरा-तिसरा असा क्रम जाहीर करणं थांबलं. कारण मुलं प्राध्यापकांच्या व्याख्यानांना न जाता खासगी शिकवणीवाल्यांकडे जाऊन फक्त त्या यादीसाठी वर्षानुवर्षं सराव करत. राउथ नावाच्या एका शिकवणीवाल्याकडून पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर तयार झाले. आणि याच व्यवस्थेला गणिती जी. एच. हार्डी यांनी कडाडून विरोध केला, ते स्वतः तिथे चौथे आले होते. इतक्या मोठ्या विद्यापीठाने आपल्या सगळ्यांत प्रतिष्ठेच्या यादीवर पाणी सोडलं, कारण त्या यादीपायी गणित मागे पडत होतं.

आणखी एक धोका आहे, तो लहान वाटतो पण प्रवेश समितीच्या टेबलावर रोज येईल. 'ऑलिम्पियाड' हे नाव कुणीही वापरू शकतं. अनेक शाळांत जून-जुलैमध्ये फॉर्म वाटले जातात, पैसे गोळा होतात, वर्गातल्या वर्गात परीक्षा होते, आणि वर्गात पहिला आलेल्याला पदक मिळतं. त्या परीक्षांचा होमी भाभा केंद्राच्या साखळीशी काहीही संबंध नसतो. पालकांना हा फरक माहीत नसतो. मुलाने मिळवलेली पंधरा-वीस पदकं भिंतीवर लावलेली असतात, आणि त्यातलं एकही गणिताच्या खऱ्या स्पर्धेचं नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा आपण रकाना ठेवाल तेव्हा त्यात फक्त ही एकच साखळी चालेल असं ठळक लिहा: आयओक्यूएम, आरएमओ, आयएनएमओ, आणि त्यापुढचं शिबिर. नुसती आयओक्यूएम पुरेशी धरू नका. तिची उत्तरं पूर्णांकात असतात, सिद्धता तपासली जात नाही.

आता जो आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो त्याकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. ऑलिम्पियाडपर्यंत पोचणारी मुलं बहुतेक शहरांतली, शिकलेल्या घरांतली, महागड्या शाळांतली असतात. अशा मुलांना आणखी एक सवलत का द्यायची? वेल्ह्याच्या किंवा जुन्नरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला आयओक्यूएम हे नावही कानावर पडत नाही, हे अगदी खरं. म्हणूनच या जागा कुणाच्याही वाट्याच्या असू नयेत. आरक्षणाच्या एकाही जागेला हात लागता कामा नये, खुल्या जागांनाही नको. मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर जागा देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. टीएफडब्ल्यूएसच्या जागा अशाच कमाल 5 टक्क्यांपर्यंत अधिसंख्य असतात, फीमाफीच्या. मी तर फार थोड्या मागते आहे: संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आणि गणिताशी नातं असलेल्या शाखांत एकेक-दोनदोन, आणि विद्यापीठात गणिताच्या बी.एस्सी.ला थोड्या अधिक. त्यातली अर्धी मुलींसाठी. मुलींसाठीचं युरोपीय गणित ऑलिम्पियाड 2012 मध्ये सुरू झालं, भारत त्यात 2015 पासून जातो आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी दहावीनंतर बऱ्याच जणी थांबतात, कारण घरात कुणीतरी विचारतं, 'याचा ॲडमिशनला उपयोग काय?' या जागा असतील तर त्या प्रश्नाला निदान एक उत्तर असेल.

आणि या जागांबरोबर शिडीही द्या, नाहीतर आक्षेप खरा ठरेल. पुण्यातच राज्य परीक्षा परिषदेचं कार्यालय आहे. शाळकरी मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षा तिथूनच घेतल्या जातात, आणि त्या परीक्षा वाडीवस्तीपर्यंत पोचतात. गणितात ज्या मुलांना चांगले गुण पडले त्यांची जिल्हावार यादी परिषदेकडे तयार असते. पुणे विद्यापीठाने दर वर्षी त्या यादीतल्या मुलांना उन्हाळ्यात आठ-दहा दिवस बोलवावं, एकच गणित पूर्ण दिवस घेऊन बसायला शिकवावं. एम.एस्सी.चे विद्यार्थी शिकवू शकतील, त्यांनाही ते हवं आहे. एरंडवण्यात दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. पर्ड्यू विद्यापीठातले श्रीराम अभ्यंकर यांनी ते 1976 साली उभं केलं, आणि या शहरातल्या ऑलिम्पियाडच्या कित्येक मुलांनी पहिली सिद्धता तिथेच लिहिली. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. माणसं आहेत, जागा आहेत, अनुभव आहे. या सगळ्यांना एका वेळापत्रकावर आणणारं कुणी नाही, आणि ते विद्यापीठाशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

प्रवेश कसा द्यायचा, तेही फार अवघड नाही. आयएनएमओत बसण्याइतपत पोचलेली मुलं अर्ज करतील. बारावी उत्तीर्ण होणं बंधनकारक ठेवा, पण टक्क्यांची उंच भिंत घालू नका. मुलाखतीत तीन जण बसावेत, त्यातला एक जण गणित शिकवणारा आणि एक जण बाहेरच्या संस्थेतला. खडू, फळा आणि आधी न पाहिलेलं एक गणित द्यावं. अर्धा तास. उत्तर आलं की नाही हे महत्त्वाचं नाही. अडकल्यावर मूल काय करतं, आपली चूक त्याची त्याला सापडते का, सोपं उदाहरण घेऊन बघायचं त्याला सुचतं का, हे बघावं. ज्यांच्या डोळ्यांखालून इतकी वर्षं गणिताची मुलं गेली आहेत त्यांना हे अर्ध्या तासात कळतं. वशिल्याची भीती असेल तर मुलाखतीचं चित्रीकरण करा आणि मुलांना दिलेली गणितं नंतर संकेतस्थळावर टाका. तसं केलं तर ती गणितं पुढच्या वर्षी शेकडो मुलं घरी सोडवतील, तेही चांगलंच.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मी कधी विसरत नाही. स्पर्धा म्हणजे गणित नाही. इराणच्या मरियम मिर्झाखानीला 1994 आणि 1995 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची सुवर्णपदकं मिळाली आणि 2014 मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला, हे खरं आहे. पण 2018 मध्ये फील्ड्स पदक मिळालेल्या अक्षय वेंकटेशला ऑलिम्पियाडमध्ये कांस्य मिळालं होतं. 2022 मध्ये ते पदक मिळालेला जून हू तर शाळेत असताना या स्पर्धांच्या वाटेला गेला नव्हता. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, वेळेच्या दडपणाखाली काहीच न सुचणारी, पण घरी जाऊन दोन दिवसांनी उत्तर घेऊन येणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हे दार उपयोगाचं नाही. म्हणूनच ते एकमेव दार होता कामा नये, आणि मोठं तर मुळीच होता कामा नये. त्या मुलांना जागा द्यायची असेल तर ती बी.एस्सी.च्या वर्गात, पहिल्या सत्रात, प्राध्यापकाच्या शेजारी बसून द्यावी लागेल. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

पण जी मुलं जानेवारीत साडेचार तास बसतात, त्यांच्या बाबतीत आपण आज काही करू शकतो. आयएनएमओचा निकाल साधारण फेब्रुवारीत लागतो. कॅपची माहितीपुस्तिका उन्हाळ्यात निघते. मध्ये जो वेळ उरतो त्यात बारावीची परीक्षा असते, म्हणून मुलाखती मेमध्ये ठेवणं सोयीचं. त्यासाठी हा विषय दिवाळीनंतरच्या पहिल्या विद्यापरिषदेच्या बैठकीत यायला हवा आणि अधिसंख्य जागांची मान्यता डिसेंबरअखेर मागितली गेली पाहिजे. सीईटी सेलला फक्त अर्जात एक रकाना आणि प्रमाणपत्र पडताळण्याची सोय लागेल. याद्या होमी भाभा केंद्राकडे असतातच.

विद्यापरिषदेला या विषयावर कुणा शिक्षकाशी बोलायचं असेल, किंवा मुलाखतीसाठी गणितं हवी असतील, तर मी आणि माझे काही सहकारी यायला तयार आहोत. मानधनाची अपेक्षा नाही.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक गणित शिक्षिका